'सोडली' म्हणणारे किती आणि सोडलेले किती?

महोदय,

३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनाची शिबिरं झाली की अमुक इतक्या कामगारांनी व्यसन सोडल्याच्या बातम्या येतात. तो आकडा कसा निघतो हे मी जवळून पाहिलं आहे, म्हणून हे पत्र.

मी सोलापूरच्या पूर्व भागात एका टॉवेल कारखान्यात हिशेब पाहतो. आमच्याकडे एका संस्थेने शिबिर घेतलं, शपथ दिली आणि तीन आठवड्यांनी सगळ्यांना फोन केले. माझा धाकटा भाऊ तिथेच मागावर आहे. फोन आला तसा तो खडखडाटातून दाराबाहेर आला. हातातली विडी त्याने पाठीमागे लपवली, जणू त्या बाई समोरच उभ्या आहेत, आणि म्हणाला, "हो मॅडम, सोडली." त्याला कुणाला फसवायचं नव्हतं. शिबिरात त्या इतक्या आपुलकीने बोलल्या होत्या की "नाही जमलं" म्हणायला त्याची जीभ रेटेना. ज्यांचे फोन लागलेच नाहीत त्यांची नावं यादीतून गळली आणि उरलेल्यांवर टक्केवारी काढली गेली.

आमच्या मस्टरवर न आलेल्या माणसाची हजेरी कधी लागत नाही. व्यसन सुटलं की नाही हे मोजण्याच्या कामातही तसाच नियम आहे. संशोधकांनी २००५ साली मांडलेल्या 'रसेल स्टँडर्ड' या मापदंडानुसार किमान सहा महिने थांबायचं, त्या काळात पाचपेक्षा जास्त सिगारेटी झालेल्या नसाव्यात, तोंडी शब्दाला तपासणीची जोड हवी आणि ज्याचा पत्ता लागत नाही तो ओढतोच आहे असं धरायचं. तपासणीही सोपी आहे. छोट्या यंत्रात फुंकर मारली की धुरातून श्वासात आलेला कार्बन मोनॉक्साइड वायू कळतो.

सोलापुरात मात्र एवढ्याने भागत नाही. विडी सोडून मावा धरलेला माणूस त्या यंत्रात सापडत नाही, कारण माव्याला धूर नाही. तिथे लाळेतलं कोटिनिन, म्हणजे निकोटीनपासून शरीरात तयार होणारं द्रव्य, तपासावं लागतं. आणि त्यातही एक मेख आहे. आमची आई मांडीवर सूप घेऊन वर्षानुवर्षं विड्या वळते, एकही ओढत नाही. तरी तंबाखूच्या धुळीतून आणि कातडीतून निकोटीन अंगात जातंच. अशा बाईच्या लाळेचा निकाल तिचं काम विचारल्याशिवाय वाचला तर तिच्यावर अन्याय होईल. निकोटीनचा गम चघळणाऱ्याचंही तेच.

शिवाय काहीजण शिबिराविनाही सोडतात, म्हणून तुलनेला दुसरा गट हवा. दिल्लीतल्या गरीब वस्त्यांमध्ये असा अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. एकाच भेटीत समुपदेशन आणि श्वासाचा योगव्यायाम मिळालेल्या ६११ जणांपैकी १६ जण सहा महिने टिकले, नुसता जुजबी सल्ला मिळालेल्या ६०२ पैकी ३. लाळ तपासून काढलेला आकडा आहे हा. लहान आहे, पण त्यावर भरवसा ठेवता येतो, आणि एकदाच झालेल्या भेटीनेही फरक पडतो हे त्यातून दिसतं.

आपल्या वार्ताहरांनी अशी बातमी घेताना एवढं जरूर विचारावं: सुरुवातीला नावं किती होती, किती महिन्यांनी मोजलं आणि तपासलं कशाने?

माझ्या भावाचं नाव 'सोडलेल्यांत' गेल्यामुळे त्याला पुन्हा फोन आलाच नाही. परवा रात्री खोकत खोकत त्याने विचारलं, "त्या मॅडमचा नंबर आहे का रे तुझ्याकडे?" तो माझ्याकडे नव्हता. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा मोफत नंबर मी त्याला कागदावर लिहून दिला आहे.

– एक वाचक, सोलापूर