शोधपथकातल्या अनाम हातांचे आभार

पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्स-बेल्जियमच्या रणभूमीवर ब्रिटिश फौजेतले मृत सैनिक शोधणाऱ्यांनो, तुमचे मनापासून आभार. निळसर-हिरवं गवत, काळपट साचलेलं पाणी, उंदराच्या बिळापाशी हाडाचा तुकडा, एवढ्या खुणेवर तुम्ही फावडं लावलंत. सोबत रबरी हातमोजे, क्रेसॉल हे जंतुनाशक, कॅनव्हास आणि दोरी. ओळख पटावी म्हणून खिसे, मान, मनगटं, अगदी पँटचे गॅलिससुद्धा चाचपलेत.

१९१६ पर्यंत सैनिकाच्या गळ्यात ओळखीचा एकच बिल्ला. मृत्यूच्या नोंदीसाठी तो काढून नेला की मागे उरलेला देह बेनाव! (हे आधी कुणाला सुचू नये?) पुढे दोन आले: लाल नोंदीसाठी, हिरवा देहापाशी. पण ते दाबलेल्या तंतूंचे, ओल्या मातीत कुजायचे. अशा वेळी सैनिकाच्या चमच्यावर ठोकलेला त्याचा लष्करी नंबरही तुम्ही चिखल पुसून वाचलात.