कामाराजवळचा यीरोस

प्रिय सुहास,

थेस्सलोनीकीला खोली मिळाली, आता पोटाचं बघू. अ‍ॅरिस्टॉटल विद्यापीठातून खाली उतरलास की कामारा, म्हणजे गॅलेरियसची कमान. तिथून नवारिनू चौकापर्यंत यीरोसची, म्हणजे सळईवर भाजलेलं मांस पिटा या मऊ ग्रीक पोळीत गुंडाळून देणारी, दुकानं आहेत. पाटी आणि भाव नंतर बघ, आधी उभ्या सळईवरचा मांसाचा शंकू बघ.

डुकराच्या यीरोसला खांद्याचे आणि मानेचे पातळ काप मीठ, ओरेगानो, मिरपूड, पाप्रिका लावून एकावर एक दाबून रचतात. मध्ये चरबीचे तुकडे असतात. ते वितळून खालपर्यंत झिरपतात, म्हणून मांस कोरडं पडत नाही. कोंबडीचा घेणार असशील तर मांडीच्या मांसाचा घे, छातीचा लवकर चोथा होतो.

बाहेरचा थर खरपूस झाला की तेवढाच पातळ कापायचा आणि आतल्याला आच लागू द्यायची. गर्दीत घाई झाली की सुरी खोल जाते आणि आतलं कच्चट मांस सुटतं. चांगला कारागीर ते तव्यावर परतून घेतो. कोंबडीत गुलाबी तुकडा दिसला तर सरळ परत दे, भीड धरू नकोस. उलट दुपारी चार-पाचला गिऱ्हाईक नसतं, आच मंद केलेली असते, आणि आधीच कापून खालच्या ताटात पडलेलं मांस गरम करून मिळतं. म्हणून स्वस्त आणि रांग असलेलं दुकान मी केव्हाही निवडीन. तिथे शंकू भराभर उतरतो.

पिटा तेल लावून तव्यावर दोन्ही बाजूंनी मऊ भाजलेली हवी. गार पिटा घडीवर तडकते आणि सगळा रस बाहीत. 'आप ओला' म्हटलंस की टोमॅटो, कांदा, बटाट्याचे तळलेले काप, सॉस, दुकानात असेल ते सगळं. तिकडे मोहरीचा सॉस आणि केचप बरेचदा घालतात. झाझिकी हवी तर वेगळी सांग. चक्क्यात काकडीची कोशिंबीर करावी तशी ती असते, वर लसूण सणसणीत. काकडी नीट पिळली नसेल तर पाणी सुटून पिटा भिजते. कांदा नको असेल तर 'होरिस क्रेम्मीदी'. कागद सगळा सोडू नकोस, खाशील तसा खाली सोलत जा.

'मेरीदा' म्हणजे ताट. बरंच महाग पडतं, पण दोघांत एक घेऊन पिटा जादा मागितली तर परवडतं. उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, टोमॅटो आणि सॉस बाजूला काढून. दुसऱ्या दिवशी मांस कोरड्या तव्यावर चांगलं वाफ येईपर्यंत परत. मायक्रोवेव्हमध्ये पिटा चिवट होते.

तुझ्या शाकाहारी रूममेटला 'होरिस क्रेआस', म्हणजे मांसाशिवाय, मागायला सांग. बटाटे, झाझिकी, भाज्या घालून पिटा मिळते. मात्र तवा आणि चिमटा तोच असतो, हे त्याला आधीच सांगून ठेव.

तुझा,
अभय