माणिक्यधारेला जाताय तर हे वाच आधी

पिंकी,

परवा फोनवर म्हणालीस ना की ऑफिसची गँग घेऊन चिकमगळूरला निघालोय, मुळ्ळयनगिरीला सूर्योदय बघणार आणि मग बाबाबुडनगिरीला जाऊन माणिक्यधारेत भिजणार, तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या म्हणून मी नुसतं हं हं केलं. पण मला बोलायचं होतं म्हणून आज बसून टाइप करतेय. पूर्ण वाच, दोन निळे टिक दाखवून गप्प बसू नकोस.

तू त्या धबधब्याखाली आधीच भिजून आलीयस. दीड वर्षाची होतीस, ताप आला की तुला आकडी यायची. डॉक्टरांचं औषध चालूच होतं, पण शेजारच्या भाभींनी त्यांच्या दादांना नवस बोलला, दादा म्हणजे सूफी पीर दादा हयात मीर कलंदर, आणि मी दत्ताला बोलले, आणि दोघींच्या लक्षात आलं की दोघांची बाबाबुडनगिरीवरची गुहा एकच आहे! मग काय, रात्रीच्या गाडीनं बिरूर, तिथून एसटी, आणि घाटात तू माझ्या साडीवर दोनदा ओकलीस.

ती गुहा जांभ्या दगडाची, आपल्या खानापूरकडं दिसतो तसा, फक्त ओला आणि काळपट. वाकूनच आत जायचं. दत्त इथंच गुप्त झाले आणि परत प्रगट होणार असं आपली माणसं सांगतात. आत पादुका आणि नंदादीप, मुजावर फूल वाहायचे आणि तीर्थ सगळ्यांच्या हातावर घालायचे, हिंदू-मुसलमान काही नाही. तुझ्या आजीला यात काहीच वेगळं वाटलं नाही, ती म्हणाली एकनाथांना दत्त मलंगाच्या वेषातच भेटले होते की. आता तिथं पुजारीही आहेत, जागा कुणाची यावरून कोर्टकचेरी वर्षानुवर्षं चालू आहे, दत्तजयंतीला पोलीसच पोलीस असतात, त्या दिवसांत जाऊ नका एवढंच सांगते, बाकी त्या भांडणात मला पडायचं नाही.

आणि कॉफी. बाबाबुडन नावाच्या सूफी पीरानं हजवरून येताना येमेनच्या मोखाहून सात बिया पोटाशी बांधून आणल्या आणि या डोंगरात लावल्या असं सांगतात, सतराव्या शतकातली गोष्ट. अरब लोक म्हणे उगवेल असं बी बाहेर जाऊ देत नव्हते, भाजून किंवा उकडूनच द्यायचे. तुम्ही बेंगळूरला दिवसातून चार वेळा पिता ती तिथली चोरी आहे, पण पीराची चोरी म्हणून माफ 😄

मला खरं म्हणजे पाण्याबद्दल सांगायचंय. वर डोंगर बघशील तर नुसतं गवत, झाडी फक्त घळींमधे, दाट, अंधारी, त्याला शोला म्हणतात. पावसाचं पाणी ते गवत आणि खालची माती धरून ठेवते आणि वर्षभर थोडं थोडं सोडते म्हणून पाऊस संपला तरी झरे चालू. आणि जिथं झरा तिथं देव नाहीतर पीर. गदातीर्थ आहे, कुंतीला तहान लागली म्हणून भीमानं गदा मारून पाणी काढलं म्हणतात. सीतळय्यनगिरीच्या देवळात तर गाभाऱ्यातच पाणी. गाळीकेरे आहे, वाऱ्याचं तळं, तिथं डोक्यावरची ओढणी धरून बस नाहीतर जाईल. इथूनच निघून वेदावती तुंगभद्रेला मिळते आणि तुंगभद्रा कृष्णेला, म्हणजे आपण नरसोबाच्या वाडीला ज्या कृष्णेत पाय धुतो तिलाच हे पाणी लांब खाली जाऊन भेटतं, हे मला यावेळी कळलं आणि उगाच बरं वाटलं.

यावेळी म्हणजे दिवाळीनंतर मी आणि भाभी परत गेलो होतो ना, तेव्हा. माणिक्यधारेची पद्धत अशी की अंघोळ करायची आणि अंगावरचं ओलं कापड तिथंच सोडून यायचं, पीडा त्याच्याबरोबर जाते. तुझा पिवळा फ्रॉक मी तेव्हा एका झुडपावर टाकून आले होते, मागं वळून बघायचं नाही असं कुणीतरी सांगितलेलं म्हणून बघितलंही नाही. आता बघितलं. पायऱ्यांच्या खालच्या उताराला साड्या, जीन्स, बनियन, लेगिंग, थरावर थर, त्यात शांपूच्या पुड्या. एका लहान मुलाच्या शर्टाच्या बाहीतून नेचा उगवून वर आलेला आणि बटणं लावलेलीच होती. भाभी किती वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, दादा के पानी में सब की बीमारी पड़ी है और पानी नीचे लोगां पी रहे.

मी स्वतःला समजावलं की आपला फ्रॉक कॉटनचा होता, कुजून माती झाला असेल. पण आजीनं घेराला नायलॉनची लेस लावली होती हे रात्री गाडीत आठवलं आणि मग झोप नाही आली. तो नवस मी मागे घेत नाही हं. तुला आकडी परत आली नाही, ते औषधानं की दत्तानं की दादांनी हे मला ठरवायचं नाही. पण कापड तिथं सोडायची गरज नव्हती, पाणी अंगावर घेतलं तेवढं पुरे होतं. भाभींनी आणि मी यावेळी आमचे टॉवेल पिळून पिशवीत घालून परत आणले, तिथल्या दुकानवाल्या बाईनं आमच्याकडं विचित्रच बघितलं.

तर तू आणि तुझी गँग, ओले कपडे पिशवीत घालून परत आणायचे. कुणी म्हणालं रील साठी टाकूया, तर माझं नाव सांग. वर जायला गाडीचं ऑनलाइन बुकिंग लागतंय आता, ते आधी बघ. आणि उताराला पिवळी लेस कुठं दिसली तर काढून आण, पण घसरडं आहे, खाली उतरू नकोस त्याच्यासाठी.

आल्याच्या वड्या पर्समधे ठेव, घाटात तुला अजून होतं.

आई