टाच खाली, नजर पुढे: माझ्या सायकलच्या सरांना पत्र

प्रिय सर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र चारचौघांना वाचता यावं म्हणून मुद्दाम असं उघड लिहिते आहे. तुमचे आभार तर मानायचेच आहेत. शिवाय डोंगरातली सायकल ही कुणाकडून तरी नीट शिकून घ्यायची गोष्ट असते, हे आणखी काही जणांपर्यंत पोहोचावं असंही मनापासून वाटतं. पुण्यात लहानपणापासून सायकल चालवलेल्या बाईनं ‘सायकलचा क्लास लावलाय’ म्हटलं की समोरच्याला हसू येतं. एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाणारं हे गाव, तेव्हा त्यात नवल नाही. पण लक्ष्मी रस्त्यानं सायकल नेणं वेगळं आणि वेताळ टेकडीच्या माथ्यावरून मुरमाच्या पायवाटेनं ती खाली आणणं वेगळं. माथा सुमारे ८०० मीटरवर आणि खालचं शहर साडेपाचशेच्या आसपास. मधला सगळा उतार कातळ, सुटे खडे आणि गिरिपुष्पाच्या मुळांमधून जातो. हिवाळा संपताना त्या झाडांची पानं गळून वाट अशी झाकली जाते की खालचा दगड चाकाला लागेपर्यंत दिसत नाही.

मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे कोण कसं शिकवतं याकडे माझं आपोआप लक्ष जातं. तुम्ही ‘घाबरू नका’ असं कधी म्हणाला नाहीत. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. घाबरलेल्या माणसाला ‘घाबरू नका’ सांगून काही उपयोग नसतो, हे वर्गात रोज दिसतं. तुम्ही भीती कुठे बसली आहे ते शोधायचात. कुणाची खांद्यात, कुणाची मनगटात. माझी बोटांत होती. दोन्ही ब्रेक चार-चार बोटांनी आवळून मी उतरायचे, आणि खाली येईपर्यंत तळहात बधिर झालेले असायचे.

त्या दिवशी तुम्ही उपदेश केला नाहीत, खिशातून ॲलन की, म्हणजे स्क्रू फिरवायची षटकोनी चावी, काढलीत. ब्रेकच्या लिव्हरजवळचा तो बारीक स्क्रू थोडा थोडा फिरवत लिव्हर हँडलच्या जवळ आणलीत, तिचा कोन जरा खाली केलात आणि म्हणालात, “आता फक्त तर्जनी ठेवा. बाकीची बोटं हँडल धरायला आहेत.” लिव्हर मोठ्या हातांच्या मापानं लावून येते आणि लहान हाताच्या माणसाची बोटं तिथपर्यंत नीट पोहोचतच नाहीत, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. सायकल घेतली त्या दुकानात टायरमध्ये ठासून हवा भरून दिली होती. ती तुम्ही माझ्या वजनाला जमेल अशी पुढे २६ आणि मागे २८ पीएसआयवर आणलीत. तेच टायर त्याच मुरमावर धरून राहू लागले. नवी सायकल घ्यायचं माझ्या मनात होतं, तेव्हा तुम्ही स्पष्ट सांगितलंत की हीच हार्डटेल, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला सस्पेन्शन असलेली सायकल, अजून काही वर्षं पुरेल. शिकवणाऱ्यानं विद्यार्थ्याचा खर्च वाचवावा, हे हल्ली फारसं दिसत नाही.

खाणीच्या बाजूची ती कातळाची पायरी तुम्हाला आठवत असेल. उंची जेमतेम वीतभर, पण वरून बघताना पोटात गोळा यायचा. तुम्ही तिथे वाटेच्या कडेला उकिडवे बसलात आणि म्हणालात की मी फक्त तुमच्या टाचांकडे बघणार आहे. पायरीच्या अलीकडे दोन दगड मांडलेत. त्या दगडांपर्यंत ब्रेक, तिथून पुढे बोट सैल. पॅडल समांतर, सीट खाली घेतलेली, कंबर मागे, कोपरं बाहेर वाकलेली, टाचा खाली. पुढचा ब्रेक लावला की माणूस हँडलवरून उडतो, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. तुम्ही ती मातीत काडीनं आकृती काढून दूर केलीत. ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर जातो. म्हणून जमीन घट्ट धरतं ते पुढचंच चाक, आणि मागचं हलकं होऊन घसरतं. शरीर मात्र पुढे जायला बघतं. टाच खाली दाबली की तो जोर पायांतून पॅडलवर उतरतो आणि हात मोकळे राहतात. गणिताच्या बाईला यापेक्षा चांगलं काय हवं? पायरी उतरले तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत, “डावी टाच अजून थोडी” एवढंच म्हणालात. मला ते टाळ्यांपेक्षा जास्त आवडलं.

तिथेच पाणी पिताना तुम्ही रिपॅकची गोष्ट सांगितली होतीत. कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरउतारावर १९७६ साली काही तरुणांनी जुन्या जाडजूड सायकलींची शर्यत सुरू केली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात असायचा, उलटं पॅडल मारून लावायचा. खाली पोहोचेपर्यंत तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून पुन्हा भरावं लागायचं. त्यावरूनच शर्यतीला नाव पडलं रिपॅक. पुढे वीसच वर्षांनी, १९९६ मध्ये, अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाइकिंग आलं. आज एका बोटानं डिस्क ब्रेक लावताना मला ती जळकी ग्रीस हटकून आठवते.

वळणांबद्दल लिहायला बसले तर पत्र संपायचं नाही. एकच सांगते. ज्या दगडाकडे बघाल त्या दगडावरच चाक जाईल, हे वाक्य आमच्या बॅचमध्ये सगळ्यांना पाठ झालं आहे. नजर वळणाच्या शेवटाकडे, बाहेरचा पाय खाली, आणि स्वतः न कलंडता सायकल कलती करायची. ब्रेक काय तो वळणाआधीच.

पण सर, सगळ्यांत जास्त आभार पावसाळ्यासाठी. जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि आम्ही सगळे टेकडीवर जायला आतुर झालो होतो, तेव्हा तुम्ही क्लास खाली सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणलात. काही जण नाराज झाले, एक-दोघांनी क्लास सोडला, तरी तुम्ही बधला नाहीत. ओल्या मातीत चाकोरी पडली की पुढचं पाणी त्याच चाकोरीतून धावतं, आणि दोन-चार पावसाळ्यांत पायवाटेची घळ होते. मागचं चाक लॉक करून घसरत थांबणाऱ्यांना तुम्ही रागावायचात तेही त्याच कारणानं. पार्किंगमध्ये आम्ही बाटल्यांमधून वळणं घेतली, पाय न टेकता जागच्या जागी उभं राहायला शिकलो, बाभळीच्या काट्यानं झालेली पंक्चर स्वतः काढली. गणेशोत्सवानंतर माती धरायला लागल्यावर टेकडीवर गेलो तेव्हा कळलं, सगळ्यांचा तोल कितीतरी सुधारला होता.

टेकडी आधी चालणाऱ्यांची, हेही तुम्हीच आमच्या अंगवळणी पाडलंत. सकाळी काठी टेकत येणारे आजोबा दिसले की तुम्ही स्वतः सायकलवरून उतरता, बाजूला उभे राहता, नमस्कार करता. चढणाऱ्या सायकलवाल्यालाही वाट देता. आता ते आजोबा आम्हाला बघून थांबतात, चौकशी करतात. सायकलवाल्यांविषयी टेकडीवर जी नाराजी ऐकू येते, ती कमी करायची असेल तर असंच वागायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता एक विनंती. आमच्या शाळेतल्या सातवी-आठवीच्या काही मुली माझ्यामागे लागल्या आहेत. घरी सायकल आहे, पण मातीच्या वाटेवर नेऊ देत नाहीत, असं बहुतेकींचं म्हणणं. मुख्याध्यापिकांशी बोलले आहे, त्यांचा होकार आहे. पालकांची सभा मी घेईन, हेल्मेट आणि हातमोज्यांची सोय शाळेकडून होईल. त्यांचे हात माझ्याहूनही लहान आहेत, तेव्हा पहिल्या दिवशी ॲलन की घेऊन जरा लवकर यावं लागेल. दिवाळीच्या सुटीनंतरचे रविवार तुम्हाला चालतील का, तेवढं कळवा.

मनःपूर्वक आभार.

आपली,
कोथरूडच्या बॅचमधली गणिताची बाई