चित्रातला राग, मुलांच्या तोंडी

महोदय,
खानापूर तालुक्यातल्या छोट्या मराठी शाळांत भांडण झालं की ‘सॉरी म्हण’ एवढ्यावर मिटवलं जातं. राग आतच राहतो. त्याऐवजी चित्रगोष्ट वाचताना मध्येच थांबून विचारा, ‘हिचा चेहरा असा का झालाय?’ पहिलीतलं पोर चटकन सांगतं, ‘तिला खेळायला घेतलं नाही.’ राग पुस्तकातल्या मुलीचा असतो, म्हणून बोलायला संकोच वाटत नाही. हळूहळू स्वतःचंही सांगू लागतं. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी आणि कन्नड चित्रपुस्तकं मोफत आहेत, छापून वाटायलाही मुभा आहे. शिक्षण खात्याने ती सीमाभागातल्या शाळांना छापून द्यावीत. आणि कृपा करून त्यावर परीक्षा घेऊ नये.

– एक शिक्षिका, खानापूर (जि. बेळगाव)