‘अवांतर लिहू नये’ हा शेरा आणि द्राक्षाची बाळी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिकच्या मखमलाबादला राहते, आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे, बरीचशी थॉमसन जातीची आणि थोडी शरद जातीची, आणि गेली अकरा वर्षं बागेचं सगळं मीच बघते. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ आहे, पण विषय असा आहे की घरात बोलून मन शांत होत नाहीये म्हणून लिहितेय.

माझी भाची, म्हणजे भावाची मुलगी, सातवीला आहे. शहरातच शाळा. सातवीच्या विज्ञानात वनस्पतींची रचना आणि कार्ये असा धडा आहे, त्याच्यावर टेस्ट झाली आणि त्यात प्रश्न होता, ताण्याचे कार्य लिहा. पोरीने लिहिलं की ताणा वेलीला आधार देतो, आणि पुढे अजून एक ओळ लिहिली, की द्राक्षात ताणा आणि घड एकाच गाठीपासून तयार होतात, ऊन मिळालं तर घड होतो नाहीतर बाळी (ताण्याला आमच्याकडे बाळी म्हणतात) होते. पहिल्या ओळीला बरोबरची खूण, दुसऱ्या ओळीवर लाल काट आणि बाजूला शेरा, अवांतर लिहू नये. अर्धा मार्क कमी.

अर्ध्या मार्कासाठी मी पत्र लिहीत नाहीये. पण त्यानंतर तिने मला फोन करून विचारलं की आत्या, तू सांगितलेलं खोटं होतं का? तिथे मला फार वाईट वाटलं. कारण ते खोटं नाहीये, उलट आख्ख्या धड्यात जे सांगायला हवं होतं ते त्या एका ओळीत होतं.

ज्यांची बाग नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे वर्षात दोन छाटण्या असतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी. लोकांना वाटतं घड ऑक्टोबरनंतर तयार होतो. दिसतो तेव्हा, पण ठरतो त्याच्या कितीतरी आधी. खरड छाटणीनंतर नवीन काडी वाढते आणि साधारण दीड-दोन महिन्यांत त्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे कळीच्या आत, एक बारीक गाठ तयार होते जी साध्या नजरेला दिसत पण नाही. त्या गाठीचं पुढे काय होणार हे अजून ठरलेलं नसतं. डोळ्यावर ऊन पडलं, काडीत अन्नसाठा चांगला असला तर ती फांद्या फोडते आणि घड बनते, आणि मे-जूनात ढगच ढग राहिले, पानांची दाटी झाली, नत्र जास्त होऊन वेल नुसती शेंड्याने पळत सुटली तर तीच गाठ बाळी होऊन बसते. बाळी म्हणजे पुस्तकातला ताणा. एका वर्षी आमच्याकडे जूनमध्ये ऊन असं पडलंच नाही, त्या ऑक्टोबरला फुटी निघाल्या हिरव्यागार, पण घड नाही, बाळ्याच बाळ्या. घड जिरले म्हणतात आमच्याकडे. ते वर्ष मी विसरणार नाही, बँकेचं कर्ज तसंच राहिलं आणि दिराने गाडी विकली.

भाचीने हे नुसतं ऐकलेलं नाहीये, बघितलंय. गेल्या सप्टेंबरात मी डोळे तपासायला काड्या घेऊन लॅबमध्ये गेले तेव्हा ती बरोबर होती. तिथे डोळा ब्लेडने अलगद कापून मायक्रोस्कोपखाली धरतात, कितव्या डोळ्यात घड आहे ते सांगतात, त्यावरून आम्ही छाटणी कुठे घ्यायची ते ठरवतो. तिने त्या भिंगातून एवढासा घड बघितला आणि दहा मिनिटं ती खुर्चीवरून उठली नाही. आणि मग बागेत येऊन तिने अजून एक गोष्ट शोधली जी मी रोज बघूनही कधी मोजली नव्हती, की फुटीवर लागोपाठ दोन पेरांना पानासमोर बाळी असते आणि तिसरं पेर रिकामं, परत दोन, परत एक रिकामं. घडही त्याच जागी येतो, पानाच्या बरोबर समोर. कधी कधी तर घडाच्या देठालाच बाजूला एक बाळी फुटलेली असते, अर्धा घड अर्धी बाळी. डार्विननेही 1865 साली वेलींवर लिहिताना द्राक्षातले हे मधले-अधले नमुने नोंदवून ठेवलेत. आणि 2002 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पिनो म्यूनिए या जातीपासून मिळालेल्या एका बुटक्या वेलीत दाखवलं की एका जनुकातल्या बदलामुळे तिला जिबरेलिनचा, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाचा, संदेशच नीट कळत नाही, आणि त्यामुळे बाळीच्या जागी तिला घड येतात. आमच्या कुठल्याही बागायतदाराला हे ऐकून आश्चर्य वाटणार नाही, कारण खरड छाटणीनंतर आम्ही सीसीसी हे वाढ रोखणारं औषध मारतो ते त्याचसाठी, वेलीच्या अंगात जिबरेलिन कमी तयार व्हावं, शेंडा थांबावा आणि गाठीने घडाकडे वळावं. म्हणजे सातवीच्या पोरीने लिहिलेली ओळ डार्विनपासून मखमलाबादपर्यंत सगळीकडे खरी आहे, फक्त उत्तरपत्रिकेत चुकीची ठरली.

माझी खरी तक्रार ‘जोड्या लावा’वर आहे. मूळ – पाणी शोषणे, खोड – वहन, पान – अन्न तयार करणे, ताणा – आधार. एक भाग, एक काम, मधे एक रेघ. पाठांतराला सोपं जातं हे मान्य, वर्गात साठ-साठ पोरं असताना सरांना पण दुसरं काय सुचणार. पण जिवंत वस्तूत एका भागाला एकच काम असतं असं मी तरी बागेत कधी पाहिलं नाही, आणि प्रत्येक कामाची कुठेतरी किंमत मोजावी लागते, ते तर त्या रेघेत कुठेच दिसत नाही.

पर्णरंध्राचंच घ्या. पुस्तकात आहे, वायूंची देवाणघेवाण आणि बाष्पोत्सर्जन. बरोबर. द्राक्षाच्या पानाला ही छिद्रं असतात पानाच्या खालच्या बाजूला. प्रत्येक छिद्राला दोन रक्षक पेशी, त्या पाण्याने फुगल्या की छिद्र उघडतं, ढिल्या पडल्या की बंद. कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर दार उघडावंच लागतं आणि उघडलं की पाणी बाहेर जाणार, दोन्ही एकाच दारातून. आणि त्याच दारातून डाऊनी हा द्राक्षाचा रोग आत येतो. सकाळी दव असलं, पान ओलं राहिलं की डाऊनीचे बारीक बीजाणू त्या पाण्याच्या थरात अक्षरशः पोहत छिद्रापर्यंत जातात आणि आत शिरतात, वरून फक्त तेलकट डाग दिसतो आणि पान उलटं केलं की पांढरी बुरशी, तीही त्याच छिद्रांतून बाहेर आलेली. म्हणून मी फवारणीवाल्या पोरांच्या मागे लागते की पानाच्या खालून औषध बसलं पाहिजे. भुरी या दुसऱ्या बुरशीच्या रोगाचं असं नाही, तिला दार लागत नाही, ती पानाची वरची कातडी थेट टोचून आत मुळी घालते म्हणून ती वर पण दिसते, खाली पण दिसते. पर्णरंध्र कुठल्या बाजूला आहे हे ज्याला कळलं नाही त्याचं औषध वाया जातं. याला मी रचना आणि कार्य म्हणते.

मण्यावरची पांढरट पावडर, त्याबद्दलही सांगायचंय, कारण मार्केटमध्ये ताई लोक ते बोटाने पुसून मला विचारतात की एवढं औषध मारलंय का. औषध नाही हो ते. ते वेलीने स्वतः तयार केलेलं मेण आहे, मण्यातलं पाणी उडू नये म्हणून. ज्यांना पटत नाही त्यांनी बेदाणा करणाऱ्याला विचारावं. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवून काढले की त्या मेणाच्या थराची रचना बिघडते आणि पाणी भराभर निघून बेदाणा लवकर वाळतो, तेच घड न बुडवता ठेवले तर कितीतरी जास्त दिवस लागतात. थर तोच, फक्त विस्कटलेला, आणि काम संपलं.

कांद्याचं थोडक्यात. आपल्या जिल्ह्यातल्या पोराने तरी कांदा हे मूळ आहे असं लिहू नये, तो पानांच्या बुडांचा गड्डा आहे, खाली जी चपटी थाळी असते ते खोड आणि तिला फुटलेल्या त्या मिशा म्हणजे मुळं. शाळेत कांद्याची साल आयोडिन टाकून मायक्रोस्कोपखाली दाखवतात, पेशी दिसतात, रिक्तिका (पेशीच्या आतली पिशवी) साठवणीसाठी असं पाठ करून घेतात. पण त्याच पेशीत एक विकर (एन्झाइम) रिक्तिकेत बंद ठेवलेलं असतं आणि ज्याच्यावर ते काम करतं तो गंधकाचा पदार्थ बाहेर पेशीद्रवात असतो, मधे पातळ पडदा. विळीने पेशी फुटली की दोन्ही एकत्र येतात आणि डोळ्याला झोंबणारा वायू तयार होतो. बोथट विळीने पेशी जास्त चेंगरतात म्हणून जास्त रडू येतं. घरच्या स्वयंपाकघरात रोज होणारी गोष्ट आहे, ही सांगितली तर रिक्तिका कुठला पोरगा विसरेल?

आता गर्डलिंग, ज्याच्यासाठी हे पत्र एवढं लांबलं. मणी ठरावीक जाडीचे झाले की आम्ही खोडाची साल एका बारीक पट्टीइतकी गोल काढतो. फक्त साल, आतल्या लाकडाला धक्का लावायचा नाही. सालीत रसवाहिन्या असतात ज्या पानात झालेली साखर खाली मुळाकडे नेतात, लाकडात जलवाहिन्या असतात ज्या पाणी वर आणतात. साल तोडली की पाणी वर येत राहतं पण साखर खाली जाऊ शकत नाही, ती घडाकडे जाते आणि मणी फुगतो. 17व्या शतकात इटलीत मार्सेलो माल्पिगी या शास्त्रज्ञाने झाडांची साल अशीच गोल काढून बघितली होती आणि कापाच्या वरच्या बाजूला फुगवटा येतो हे लिहून ठेवलंय. थोड्या आठवड्यांत वेल ती जखम भरून काढते, तोवर मुळं उपाशी असतात, म्हणून अशक्त वेलीला मी गर्डलिंग कधीच करत नाही. पट्टी जरा रुंद गेली किंवा सुरी खोल गेली तर वेल कायमची बसते.

मागच्या महिन्यात भाचीला घरी सोडायला चालले होते तेव्हा सिग्नलला गाडी थांबली. शेजारी रस्त्याच्या कडेला मोठं झाड, त्याला कुठल्यातरी जुन्या फ्लेक्सची तार आवळलेली, फ्लेक्स कधीच गेला पण तार राहिली, झाड जाड होत गेलं आणि तार सालीत रुतून बसली, वरच्या बाजूला गाठीसारखा फुगवटा. भाची म्हणाली, आत्या, याचं गर्डलिंग कोणी केलंय? मी काय उत्तर देणार. वेलीची जखम भरून येते पण ही तार दरवर्षी अजून घट्ट होणार, झाडाची मुळं थोडी थोडी उपाशी मरणार, आणि एक दिवस पावसात झाड आडवं झालं की आपण म्हणणार वाऱ्याने पडलं. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट घालतात ते पण तसंच, मुळांना नुसतं पाणी लागत नाही, हवाही लागते, मूळ श्वास घेतं हे सातवीच्या पोरालाही माहीत असतं. माझी विनंती आहे की शहरात ज्यांच्या हातात हे आहे त्यांनी एकदा पक्कड घेऊन रस्त्या-रस्त्यांवरच्या तारा आणि खिळे काढावेत, बुंध्याभोवती हातभर माती मोकळी ठेवावी. फार खर्चाचं काम नाहीये.

आणि शिक्षकांना विनंती, तुमच्याबद्दल माझ्या मनात राग नाही, मला वाचायला शिकवलं ते पण अशाच एका सरांनी. फक्त उत्तरपत्रिकेत कोणी पोरगं जास्तीचं लिहील तर काट मारण्याआधी त्याला एकदा विचारा की तू हे कुठे बघितलंस. नाशिकच्या पोरांकडे बघायला काय कमी आहे, एका बाजूला बागा, दुसरीकडे नांदूर मधमेश्वरचं पक्षी अभयारण्य, राज्यातलं पहिलं रामसर ठिकाण, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून 2020 मध्ये जाहीर झालं ते. तिथे चमचा पक्षी चोच पाण्यात बुडवून डावी-उजवीकडे फिरवताना एकदा बघितला की चोचीचा आकार कशासाठी, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

सप्टेंबरात फळ छाटणीआधी मी परत डोळे तपासायला काड्या काढणार आहे. मखमलाबाद, म्हसरूळ, मातोरी या पट्ट्यातल्या कुठल्याही शाळेला हव्या असतील तर दोन-चार काड्या मी आनंदाने देईन, ब्लेड आणि साधा मायक्रोस्कोप शाळेत असतोच. आपल्या पेपरच्या मुलांच्या पानावर हे छापलंत तर अजून चार बागायतदार पुढे येतील. भाचीला मी सांगितलंय की तुझी ओळ खरी आहे, पण ते तिला शाळेतून कोणी सांगितलं तर जास्त बरं होईल.

आपली,
एक द्राक्ष बागायतदार,
मखमलाबाद, नाशिक