काठ तसाच राहू दे

बेळगाव,
२१ डिसेंबर २०२५

प्रिय बाळू,
स. न. वि. वि.

त्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोललो नाही. समोर पंचायतीची माणसं बसली होती आणि तू रागात होतास. "एवढा मोठा देणगीदार मिळवून दिला, आणि तुम्ही त्याला नको म्हणालात?" हे तुझं वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे. पुण्यात राहून आपल्या तळ्यासाठी तू चार ठिकाणी शब्द टाकलास, त्या माणसाला इथवर आणलंस. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. फोनवर हे सांगून झालं नसतं.

पहिली गोष्ट, माणूस भला आहे. तळ्यावर आला, तासभर उन्हात फिरला, चहा घेतला. पण त्याच्या कंपनीनं बनवलेला आराखडा त्यानं गाडीच्या बॉनेटवर पसरला आणि माझ्या पोटात गोळा आला. चारी बाजूंनी दगडी पिचिंग, त्यावर फिरायला ट्रॅक, ट्रॅकवर दिव्यांचे खांब, मधोमध कारंजं. आणि हे सगळं मार्चच्या आत उभं राहायला हवं. त्यांच्या हिशेबाचं वर्ष मार्चला संपतं, हे मी समजू शकतो. पण बाळू, त्या आराखड्यात पश्चिमेचा काठ नव्हताच. तिथं एक सरळ रेघ होती.

तो काठ तुला आठवतो ना? आपण म्हशी घेऊन जायचो तो. पाण्यात शिरत गेलं की पन्नास पावलं घोट्याच्या वर पाणी येत नाही, मग गुडघा, मग एकदम खोल. लहानपणी तिथल्या चिखलात चप्पल रुतली म्हणून घरी मार खाल्लाय आपण. सगळं तळं त्या चिखलावर जगतं, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं.

सकाळी साडेसहाला तिथं बसलं की कुठला पक्षी कुठं ते दिसतं. ओल्या चिखलात, पाण्याच्या अगदी कडेला तुतारी असते, शेपटी सतत खालीवर करत, चोचीनं चिखल टोचत. तिच्या पुढे दोन पावलं शेकाट्या, लाल काड्यांसारख्या पायांवर. त्याच्या पुढे वीतभर पाण्यात हळदीकुंकू बदक, डोकं खाली आणि शेपूट वर करून तळ चाचपणारं. त्याही पुढे, खोल पाण्यात बुडी मारणारे वारकरी आणि टिबुकल्या. प्रत्येकाच्या पायाच्या आणि चोचीच्या मापानं पाणी वाटून दिल्यासारखं. पिचिंग केलं की हा उतार जातो. दगड संपला की थेट पुरुषभर पाणी. मग पाणी कितीही स्वच्छ असो, तुतारीनं उभं कुठं राहायचं?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. शहरालगतच्या एका तळ्याचं असं सुशोभीकरण झालेलं मी पाहिलंय. आधी तिथं हिवाळ्यात तलवार बदकं, थापटे, भुवई बदकं यायची. आता दगडावर पंख वाळवत बसलेले पाणकावळे आणि फुटाणे खाणारे पारवे. लोक फिरायला येतात, त्यांना बरं वाटतं, त्यात वाईट काही नाही. पण ते तळं आता पक्ष्यांचं राहिलेलं नाही. आणि एकदा दगड बसला की तो काढायला कोणी पैसे देत नाही.

दिव्यांचंही तसंच. आपल्याकडच्या अडई, म्हणजे ती शीळ घालणारी बदकं, दिवसभर पाण्यात झोपल्यासारख्या बसतात आणि अंधार पडला की भातशेतात चरायला उडतात. त्यांची रात्र आपण उजळून टाकली तर त्या राहतील असं मला वाटत नाही.

तू म्हणशील, कायदा आहे की. तेही मी पाहिलं. पाणथळ जागांचे २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, पण सिंचनासाठी नाहीतर पिण्याच्या पाण्यासाठी माणसानं बांधलेली तळी त्यातून वगळली आहेत. आपलं तळं सिंचनाचं. म्हणजे त्याला वाली गावच. गदग जिल्ह्यातलं मागडीचं तळंसुद्धा मुळात गावतळंच. तिथं पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात, गावानं ते जपलं, आणि २०२४ च्या जानेवारीत ते रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. आपल्या तळ्याला तसलं काही मिळावं असा माझा हट्ट नाही. पण गावानं मनावर घेतलं की काय होतं ते तिथं दिसतं.

आता आमच्या चुकीचंही सांगतो, कारण ती तुझ्यापासून लपवायची नाही. तळ्याचं काम हाती घेतलं त्या पहिल्या वर्षी आम्ही उत्साहाच्या भरात पाणकणसाचं सगळं बेट कापून काढलं. फोटो छान आले, वर्गणीही वाढली. आणि त्या पावसाळ्यात जांभळ्या पाणकोंबड्या दिसेनाशा झाल्या. त्यांचं घरच आम्ही साफ केलं होतं. दोन वर्षं लागली ते बेट परत धरायला. तेव्हापासून ठरवलं, काहीही काढायच्या आधी वर्षभर तिथं कोण राहतं ते बघायचं.

काढायची ती बेशरम, काठावर माजणारं ते झुडूप. तिला दुसरं नाव शोभलं नसतं. कापली तर प्रत्येक तुकड्याला मुळं फुटतात, म्हणून एप्रिल-मे मध्ये पाणी आटलं की मुळासकट उपटायची, बांधावर उन्हात वाळवायची आणि पहिल्या पावसाच्या आत जाळायची. पुढच्या वर्षी राहिलेली परत. तिसऱ्या वर्षी कुठं जमीन मोकळी होते. या कामाचा फोटो निघत नाही रे. आधी बेशरम होती, नंतर नुसता चिखल आहे. चिखलावर कोण फलक लावणार?

गाळही काढला, पण बांधाकडच्या खोल बाजूचाच. जेसीबीचं भाडं आपल्या निधीतून, ट्रॅक्टर आणि डिझेल ज्याच्या शेतात गाळ जाईल त्याचं. तुमच्याकडे यासाठी सरकारची गाळमुक्त धरण योजना आहे, इथं आम्ही आपसात ठरवलं. पश्चिमेच्या काठाला हात लावायचा नाही, ही एकच अट. त्याच कामातली एक गोष्ट तुला सांगितलीच पाहिजे.

मे महिन्यातली दुपार. जेसीबी बांधालगतच्या उंचवट्यावर वळत होता आणि एक टिटवी वेड्यासारखी त्याच्या काचेवर झेपावत होती. आम्हाला वाटलं नेहमीचा आरडाओरडा. चालवणारा पोरगा गोकाककडचा, कन्नड बोलणारा. त्यानंच मशीन बंद केलं, खाली उतरला आणि हात वर करून ओरडला, "थांबा गा, हितं तत्ती हाईत!" तत्ती म्हणजे अंडी. पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर, चार खड्यांच्या मधल्या खळग्यात चार अंडी. मातकट, काळे डाग, चारही टोकं आत वळवलेली, जणू कोणी तांब्याभोवती विड्याची पानं मांडलीत. मी वाकून बघत होतो तरी क्षणभर दिसेनात, इतकी ती मातीची होती. पोरानं बाजूला चार दगड रचून त्यावर आपला लाल रुमाल बांधला आणि उरलेले दिवस तेवढी जागा सोडून खोदलं. तासावर भाडं घेणारं मशीन, वळसा घालायचा म्हणजे वेळ जातोच, पण त्या वळशांचे पैसे त्यानं लावले नाहीत. जूनच्या पहिल्या पावसात पिल्लं बाहेर पडली. उभ्या पायाच्या कापसाच्या बोंडासारखी. गावातल्या म्हाताऱ्यांनी लगेच हिशेब केला, टिटवीनं उंचावर अंडी घातली होती म्हणजे पाऊस चांगला.

पैशाचं म्हणशील तर मोठी रक्कम कुठूनच आली नाही. संस्थेची नोंदणी झालीय, देणगीवर करसवलत देणारं ८०जी ही मिळालंय, दोन हजारांच्या वर रोख घेत नाही कारण त्यावर देणाऱ्याला सवलत मिळत नाही. मास्तर वहीत पैन् पै लिहितात. गणपतीत मंडळानं डॉल्बी कमी केली आणि वाचलेले पैसे दिले, शिवाय मूर्ती तळ्यात न सोडता बाजूच्या कुंडात सोडली. माझ्या दृष्टीनं ते दुसरं जास्त मोलाचं. बचत गटाच्या बायकांनी दिवाळीचा फराळ विकून त्यातला वाटा दिला. आणि दिनदर्शिका काढली, बारा पानं, बारा पक्षी, प्रत्येकाचं नाव मराठीत आणि कन्नडमध्ये. त्यावरून बैठकीत थोडी कुरबूर झाली, तुला कल्पना आहेच इथं नावांवरून काय होतं ते. पण मास्तर म्हणाले, करकोचा काय विचारून उतरतो का कुठल्या राज्यात उतरलो म्हणून? विषय तिथं संपला. पंचायतीतला अर्जही आम्ही कन्नडमध्ये दिला आणि तो मंजूर झाला.

पक्षी सप्ताह महाराष्ट्र सरकारचा, ५ ते १२ नोव्हेंबर. पण आम्ही तो इथं करतोच. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ सालिम अलींच्या. यंदा चितमपल्ली सर नाहीत, जूनमध्ये गेले. शाळेतल्या पोरांना तळ्यावर नेलं तेव्हा मी त्यांना एवढंच सांगितलं, की एक माणूस जंगलात राहून पक्ष्यांची नावं गोळा करत राहिला, म्हणून आज तुम्हाला त्यांना नावानं हाक मारता येते. पोरांना "हळदीकुंकू" हे नाव फार आवडलं. चोचीच्या बुडाशी लाल ठिपके आणि टोकाला पिवळं, दुर्बिणीतून दिसलं तेव्हा एक मुलगी ओरडलीच, "खरंच की ओ, आईनं लावल्यासारखं!"

आणि तुझ्या आईचं. तुला सांगू नको म्हणाल्या होत्या, पण सांगतो. कार्तिकी एकादशीनंतर मी घरावरून जात होतो. काकूंनी हाक मारली, पदराची गाठ सोडली आणि एकशे एक रुपये हातात ठेवले. म्हणाल्या, "वारकरी आले काय गा तळ्यात?" मी म्हटलं, आलेत. मग त्यांना संध्याकाळी हळूहळू चालवत बांधापर्यंत नेलं. काळे वारकरी, कपाळावर पांढरा टिळा, शंभरएक तरी पाण्यावर तरंगत होते. काकू बराच वेळ बघत होत्या. गुडघे दुखतात म्हणून त्यांची पंढरीची वारी चुकली ना, पाच वर्षं झाली म्हणाल्या. मास्तरांच्या वहीत त्या एकशे एकांपुढे नाव नाही, काकूंनीच घालू दिलं नाही.

कॉलेजात असताना गोकाकचा धबधबा बघून आपण धूपदाळला गेलो होतो ते आठवतं? करदंटाचा पुडा संपवत बंधाऱ्यावर बसलो होतो आणि लांब उथळ पाण्यात करकोचे उभे होते, राखी, सरळ, कोणाकडे लक्ष नसल्यासारखे. तिथं घटप्रभा पक्षी अभयारण्य १९७४ पासून आहे, हे आपल्याला तेव्हा माहीतही नव्हतं. तू म्हणालास, एवढ्या लांबून येऊन हे नुसते चिखलात उभे राहतात! मी ते बोलणं विसरलो नाही. तेवढ्यासाठीच ते येतात रे.

म्हणून तुझ्याकडे एक मागणं आहे. त्या देणगीदाराशी परत बोल. मी बोललो तर तो नकाराचाच पुढचा भाग वाटेल, तुझं तो ऐकेल. त्याला सांग, ट्रॅक हवाच असेल तर पूर्वेच्या बांधावर करू, तिथं बांध आहेच, पक्ष्यांचं काही बिघडत नाही. दिवे नकोत, कारंजं नको. आणि ट्रॅकच्या खर्चातला थोडासा भाग तीन वर्षं बेशरम काढायला दे. त्याचा वार्षिक हिशेब मास्तर सहीशिक्क्यानिशी पाठवतील. फलक लावायचा तर बांधावर लावू, मोठ्या अक्षरात लावू. पश्चिमेचा काठ तेवढा त्यानं आमच्याकडे सोडावा. तो नाहीच म्हणाला तर तुझ्यामाझ्यात त्यावरून कडवटपणा नको. आम्ही फराळ विकून काढू, दोन वर्षं जास्त लागतील.

११ जानेवारीला रविवारी आपल्याकडे पाणपक्षी गणना आहे. आशियाभर ही गणना जानेवारीत होते, आपल्या उपखंडात १९८७ पासून. शक्य असेल तर त्यालाही घेऊन ये. त्याला मी चिखलाच्या कडेला घोंगडीवर बसवतो आणि एक तास काही बोलत नाही. तू शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघ, पहाटे स्टेशनवर मी स्कूटर घेऊन येतो. साडेसहाला काठावर पोचायचंय, धुकं असतं, स्वेटर आण. तुझी ती जुनी दुर्बीण असेल तर तीही आण, आमच्या दोनपैकी एकीची काच तडकलीय. आणि आईला आधी कळवू नकोस, परस्पर घरी जाऊ.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दत्तू